बीमटाइम कसा मागावा, कसा वापरावा? सिंक्रोट्रॉनविषयी वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला आरआरकॅट म्हणतात तिथे, इंडस-1 आणि इंडस-2 हे देशातले दोन सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत आहेत. सिंक्रोट्रॉन म्हणजे कड्यात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर अतिनील आणि क्ष-किरण देणारे यंत्र. ते वापरायला मिळणारा वेळ म्हणजे बीमटाइम. त्यांच्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या विभागात क्ष-किरण विवर्तनाचे चांगले यंत्र आहे. तरीही शोधनिबंधाचे परीक्षक 'सिंक्रोट्रॉनवर मापन करा' असे लिहितात. खरेच गरज असते का? (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, सांगली)

उत्तर : पुष्कळदा नसते. नीट स्फटिकी असलेल्या भुकटीत कोणकोणते घटक आहेत एवढेच ओळखायचे असेल, तर विभागातले यंत्र पुरे. लोखंडाच्या नमुन्यात तांब्याच्या नळीने (म्हणजे तांब्यातून क्ष-किरण काढणाऱ्या नळीने) पार्श्वभूमी फार वर जाते, अशी तक्रार एका पत्रात आहे. ते खरेच आहे. तांब्याचे 8.05 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण लोखंडाला स्वतःचे क्ष-किरण सोडायला लावतात. पण त्यावरचा उपाय इंदूरला नाही. कोबाल्टची नळी किंवा शोधकापुढे मोनोक्रोमेटर (ठरावीक ऊर्जेचेच किरण निवडणारा स्फटिक) लावला की काम भागते.

सिंक्रोट्रॉनची गरज पडते ती ऊर्जा मनाजोगती बदलायची असते तेव्हा. नळीचे किरण ठरावीक ऊर्जेचे असतात. सिंक्रोट्रॉनचा वर्णपट सलग असतो, त्यातून हवी ती ऊर्जा निवडता येते आणि लोखंडाच्या 7112 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या शोषण-कडेच्या (जिथे शोषण एकदम उडी घेते त्या ऊर्जेच्या) अलीकडून पलीकडे बारीक पावलांनी सरकता येते. त्यावरून नमुन्यातले लोखंड द्विसंयुजी की त्रिसंयुजी आणि त्याच्या शेजारी किती अंतरावर कोणते अणू आहेत, हे कळते. पदार्थ स्फटिकी नसला, काचेसारखा किंवा द्रावणात असला, तरीही कळते. दुसरी गरज म्हणजे मूलद्रव्य फार विरळ असणे, तिसरी म्हणजे नमुना फार लहान असणे. या तिन्हींपैकी एकही कारण प्रस्तावात लिहिता येत नसेल, तर परीक्षकाला तसे कळवणेच बरे.

प्रश्न : कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात आणि प्रकाश देतात एवढे समजले. पण ऊर्जा कुठून येते, किती जाते, आणि दर काही तासांनी 'बीम भरावा' का लागतो? (निवृत्त विद्युत अभियंता, ठाणे)

उत्तर : इंडसमध्ये सुरुवात मायक्रोट्रॉनपासून होते. तो इलेक्ट्रॉनांना 20 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतो. पुढे बूस्टर सिंक्रोट्रॉन. त्यातून 450 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर काढलेले इलेक्ट्रॉन इंडस-1 मध्ये आणि 550 वर काढलेले इंडस-2 मध्ये जातात. इंडस-1 चे कडे जेमतेम 19 मीटर परिघाचे आहे. ते 1999 मध्ये सुरू झाले आणि मुख्यतः अतिनील व मऊ क्ष-किरण देते. इंडस-2 चा परीघ 172.5 मीटर. तिथे पुरेसे इलेक्ट्रॉन जमले की चुंबकांचा विद्युतप्रवाह हळूहळू वाढवत सगळ्यांची ऊर्जा 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढवतात. चुंबकीय क्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हातात हात घालून चढावी लागतात. त्यात तफावत पडली की बीम भिंतीला लागून संपतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

हिशेब तुम्हीच करून पाहण्यासारखा आहे. एका फेरीत एका इलेक्ट्रॉनाची किती ऊर्जा प्रकाशरूपाने जाते? 88.5 ला ऊर्जेच्या (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये) चौथ्या घाताने गुणा आणि वळणाच्या त्रिज्येने (मीटरमध्ये) भागा. उत्तर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये येते. इंडस-2 च्या चुंबकांतली त्रिज्या 5.55 मीटर आहे, म्हणून आकडा 623 च्या आसपास येतो. कड्यात 200 मिलिअँपिअर प्रवाह असेल तर हे सुमारे 125 किलोवॅट झाले. एवढी शक्ती 505.8 मेगाहर्ट्झच्या रेडिओ-फ्रिक्वेन्सी कॅव्हिटींनी सतत परत भरावी लागते. चौथा घात हीच खरी गोम आहे. त्याच कड्यात ऊर्जा दुप्पट करायची म्हटली तर भरपाई सोळापट करावी लागेल. म्हणून जास्त ऊर्जेची कडी मोठी असतात : फ्रान्समधील ग्रेनोबलचे युरोपीय सिंक्रोट्रॉन ईएसआरएफ 6 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि 844 मीटर, जपानचे स्प्रिंग-8 हे 8 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि 1436 मीटर.

आता बीम कमी का होतो. 200 मिलिअँपिअर म्हणजे कड्यात एका वेळी सुमारे 7 निखर्व, सातावर अकरा शून्ये एवढे इलेक्ट्रॉन, सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या मारणारे. कड्याच्या नळीतली पोकळी वातावरणाच्या लाख-कोटी पटींनी विरळ असली तरी उरलेल्या वायूच्या रेणूंवर काही इलेक्ट्रॉन आदळतात. काही तर एकाच गठ्ठ्यातल्या सोबत्याला धडकून मार्ग सोडतात. इंडस-2 मध्ये भरणे कमी ऊर्जेला आणि वापर जास्त ऊर्जेला असल्याने वरून थोडे थोडे इलेक्ट्रॉन टाकून तूट भरता येत नाही. उरलेला बीम काढून टाकायचा, चुंबक खाली आणायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा चढवायचे. पूर्ण ऊर्जेला भरणाऱ्या कड्यांत प्रवाह जवळजवळ स्थिर ठेवता येतो, त्याला टॉप-अप म्हणतात. वापरकर्त्याच्या दृष्टीने हा फरक नुसता सोयीचा नाही. प्रवाह घटला की आरशांवर आणि मोनोक्रोमेटरच्या स्फटिकावर पडणारी उष्णता घटते, स्फटिक किंचित निवतो आणि निवडलेली ऊर्जा सरकते. म्हणून प्रत्येक स्कॅनबरोबर संदर्भ-पत्रीचे मापन हवेच. ते का, हे खाली नमुन्यांच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी. नंतर पीएच.डी.साठी नाव नोंदवले आहे. बीमटाइमसाठी अर्ज कोण करू शकतो? पैसे लागतात का? प्रस्तावात काय लिहावे? (कोल्हापूर, असाच प्रश्न नांदेड, जळगाव आणि पणजीहूनही)

उत्तर : जगभर या सुविधांची रीत साधारण सारखी आहे. प्रस्ताव ऑनलाइन द्यायचा, तज्ज्ञ समिती तो वाचते, गुणवत्तेनुसार शिफ्ट मिळतात. शिफ्ट आठ तासांची असते आणि रात्रीचीही मिळते. निष्कर्ष खुलेपणाने प्रसिद्ध करणाऱ्या शैक्षणिक वापरकर्त्याकडून ईएसआरएफ किंवा ब्रिटनचे सिंक्रोट्रॉन डायमंड बीमटाइमचे पैसे घेत नाहीत. माहिती स्वतःपुरती ठेवू पाहणाऱ्या उद्योगाला मात्र मोजावे लागतात. अर्ज मार्गदर्शकांच्या नावाने जातो, तुमचे नाव प्रयोग करणाऱ्यांत असते. इंडस-2 वर वेगवेगळ्या बीमलाइन, म्हणजे कड्यातला प्रकाश प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटा, वेगवेगळ्या गटांनी उभारल्या आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या त्यात कितीतरी आहेत. त्यामुळे आधी बीमलाइन ठरवा : शोषण-वर्णपटासाठी बीएल-8 किंवा बीएल-9, भुकटीच्या विवर्तनासाठी बीएल-12, सूक्ष्म भागातली मूलद्रव्ये पाहायला बीएल-16, प्रथिनांच्या स्फटिकांसाठी बीएल-21.

मग अर्ज भरण्याआधी त्या बीमलाइनच्या शास्त्रज्ञाला एक छोटी ईमेल लिहा. नमुना काय, मूलद्रव्य कोणते, त्याचे प्रमाण किती, एवढेच. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच प्रस्ताव पडतात. एखाद्याला टायटॅनियमची 4966 इलेक्ट्रॉनव्होल्टची कड हवी असते आणि त्याने निवडलेली बीमलाइन तितकी खाली उतरतच नाही. असा अर्ज समितीपुढे गेला काय आणि न गेला काय.

प्रस्तावात 'या पदार्थाचे ऊर्जा-साठवणुकीत महत्त्व' यावर अर्धे पान खर्च करू नका. समितीतल्या माणसाला चार गोष्टी हव्या असतात : नेमका प्रश्न, तो घरच्या यंत्रावर का सुटत नाही, घरी आजवर काय मोजले (विवर्तनाचा आलेख जोडाच), आणि वेळेचा हिशेब. हिशेब असा मांडा. आठ तासांतले दीड तास जुळवणी आणि ऊर्जेच्या अंशांकनात जातात. उरली 390 मिनिटे. एका नमुन्याचे वीस मिनिटांचे तीन स्कॅन आणि बदलायला दहा मिनिटे, म्हणजे सत्तर मिनिटे. एका शिफ्टमध्ये पाच नमुने झाले. तुमचे नमुने आठ असतील आणि तुलनेची प्रमाण संयुगे चार, तर तीन शिफ्ट मागा आणि कारण लिहा. 'जास्तीत जास्त मिळाव्यात' असे लिहिलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला लगेच कळते की नमुने अजून तयारच नाहीत.

प्रश्न : बीएल-9 वर शिफ्ट मिळाली आहे. लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांच्या आणि साध्या भुकटीच्या गोळ्या करायच्या आहेत. किती घ्यायचे, कशात मिसळायचे? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : या प्रश्नाला जागा जास्त देतो, कारण बीमटाइम वाया जातो तो बहुतेक इथेच. कड्यात बिघाड होतो तेव्हा निदान सगळ्यांचाच वेळ जातो. गोळी खराब असेल तर आलेख दिसायला छान येतो आणि चूक महिन्यांनी, फिटिंग करताना, म्हणजे आलेखाशी गणिती प्रारूप जुळवताना कळते.

पारगमन पद्धतीत, म्हणजे किरण नमुन्यातून आरपार पाठवून, कडेवर शोषणाची उडी 1 च्या आसपास आणि कडेच्या वरचे एकूण शोषण 2.5 च्या आत हवे. लोखंडाच्या कडेवर वस्तुमान-शोषणांक दर ग्रॅमला सुमारे 53 वरून 408 चौरस सेंटिमीटरवर जातो, म्हणजे उडी 355 ची. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला लोखंड हवे 1 भागिले 355 ग्रॅम, म्हणजे 2.8 मिलिग्रॅम. 13 मिलिमीटरच्या साच्याचे क्षेत्रफळ 1.33 चौरस सेंटिमीटर असते, तेव्हा लोखंड 3.7 मिलिग्रॅम. हेमॅटाइटमध्ये वजनाने 70 टक्के लोखंड असते, म्हणून हेमॅटाइट सुमारे 5.3 मिलिग्रॅम घ्यायचे. एवढ्याशा भुकटीची गोळी धरणार नाही, म्हणून 100 मिलिग्रॅम बोरॉन नायट्राइड मिसळा. त्याचे शोषण या ऊर्जेला अर्ध्याच्या घरात येते, एकूण 1.7 च्या आसपास राहते. बोरॉन नायट्राइडऐवजी सेल्युलोज चालते, पण त्यात ऑक्सिजन असल्याने शोषण थोडे जास्त. पाचऐवजी पन्नास मिलिग्रॅम घालून 'सिग्नल चांगला येईल' अशी समजूत असते. येतो तो जाड नमुन्याचा चपटा झालेला वर्णपट.

आता कणांचा आकार. हे कुणी फारसे सांगत नाही. कडेच्या वर हेमॅटाइटमध्ये किरणांची तीव्रता साडेसहा मायक्रॉनमध्ये सदतीस टक्क्यांवर येते. कण त्याहून बारीक हवेत. 400 मेशच्या चाळणीतून 38 मायक्रॉनपर्यंतचे कण खुशाल खाली येतात. म्हणजे चाळून घेतले म्हणून भागत नाही. मोठे कण असले की काही किरण कणांमधल्या फटींतून न शोषले जाताच जातात आणि उडी आहे त्याहून लहान दिसते. सोबत कडेच्या पुढे शोषणात दिसणाऱ्या, ज्यांवरून शेजारचे अणू मोजतात त्या लहरींची उंचीही कमी होते, आणि मग विद्यार्थी लिहितो की शेजारी सहाऐवजी चारच ऑक्सिजन आहेत.

उपाय सोपा आहे. अगेटच्या खलात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून वीस-पंचवीस मिनिटे घोटा. मग ते उंच नळीत ओतून पाच सेंटिमीटर उंचीचा स्तंभ करा आणि अर्धा तास हलवू नका. पाच मायक्रॉनहून मोठे हेमॅटाइटचे कण तेवढ्या वेळात तळाला बसतात. वरचा गढूळ द्रव काढून वाळवा, तेच वापरा. तुमच्या नॅनोकणांना हे लागणार नाही, पण ते गुठळ्या करतात. बोरॉन नायट्राइडबरोबर घोटताना दोन्ही एकदम न घालता नमुन्यात थोडे थोडे बोरॉन नायट्राइड वाढवत न्या. गोळी उजेडाला धरून पाहा. ठिपके, चिरा किंवा सुईच्या टोकाएवढे भोक दिसले तर ती टाकून द्या. प्रत्येक नमुन्याच्या दोन गोळ्या करा. कापटॉन टेपमध्ये (क्ष-किरण फारसे न शोषणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत) सीलबंद करा आणि नाव गोळीवर नाही, पिशवीवर लिहा.

तिथे पोचल्यावर एकामागे एक तीन आयनीकरण कक्ष दिसतील. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये तुमचा नमुना, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये लोखंडाची पत्री. पत्रीची कड प्रत्येक स्कॅनमध्ये 7112 वर येते की नाही ते पाहायचे. न आल्यास तेवढे सरकवायचे. द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी लोखंडाच्या कडांत चारेक इलेक्ट्रॉनव्होल्टचाच फरक असतो. पत्री न लावता दोन दिवसांचे स्कॅन एकमेकांशी ताडणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

आणखी एक छुपा दोष. सिलिकॉनच्या (111) स्फटिकाने 7.1 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट निवडले की त्याच कोनात तिप्पट ऊर्जेचे, 21.3 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरणही निसटून येतात. ते नमुन्यातून जवळजवळ अडथळ्याशिवाय जातात आणि शोषण खोटे कमी दाखवतात. म्हणून दुसरा स्फटिक किंचित तिरपा करून तीव्रता साठ-सत्तर टक्क्यांवर आणतात. शिफ्टवर सहकारी हे करतील, पण झाले की नाही ते तुमच्या वहीत लिहा.

नमुन्यात लोखंड एक टक्क्याच्या खाली असेल तर पारगमन सोडा, प्रतिदीप्ती पद्धत मागा, जिच्यात नमुन्याने स्वतः सोडलेले क्ष-किरण मोजतात. उलट दाट नमुना प्रतिदीप्तीत मोजू नका. नमुना स्वतःच आपले किरण गिळतो आणि लहरी पुन्हा दबतात. तांबे, मँगॅनीज किंवा सीरियमच्या काही संयुगांना किरणांखालीच क्षपण होते. पहिला आणि शेवटचा स्कॅन एकमेकांवर ठेवून पाहा. कड डावीकडे सरकत असेल तर नमुन्याची जागा बदला आणि स्कॅन लहान करा.

प्रश्न : रसशास्त्रातल्या औषधांतला पारा कोणत्या रूपात आहे हे सिंक्रोट्रॉनने ठरवता येईल का? तसे झाल्यास ती निर्धोक ठरतील का? (आयुर्वेदाचे अध्यापक, नाशिक)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही.

पाऱ्याची एल-3 कड 12284 इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे, इंडस-2 च्या आवाक्यात. रससिंदूर हे लाल मर्क्युरिक सल्फाइड. त्यात पाऱ्याच्या शेजारी 2.37 अँगस्ट्रॉमवर दोन गंधक असतात. कज्जलीतले काळे सल्फाइड वेगळे, त्यात सुमारे 2.54 अँगस्ट्रॉमवर चार गंधक. शोषण-वर्णपटात हा फरक स्पष्ट दिसतो, भुकटी स्फटिकी नसली तरी. तुलनेला दोन्ही सल्फाइडे, मर्क्युरिक क्लोराइड आणि मर्क्युरिक ऑक्साइड यांचे शुद्ध नमुने त्याच शिफ्टमध्ये मोजायला हवेत. पाऱ्याची पत्री करता येत नाही, म्हणून अंशांकनाला जवळची 11919 वर कड असलेली सोन्याची पत्री लावतात. 13 मिलिमीटरच्या गोळीत रससिंदूर साधारण 14 मिलिग्रॅम लागेल. तो गोळीत बांधून कापटॉनच्या दोन थरांत बंद करा आणि अर्जात 'विषारी' या रकान्यावर खूण करायला विसरू नका. औषध म्हणून विकले जाते म्हणून ती वगळता येत नाही.

मर्यादा अशी की ही पद्धत पाऱ्याच्या सर्व अणूंची सरासरी दाखवते. पाच टक्क्यांहून कमी पारा दुसऱ्या रूपात असेल, तर तो असल्याचे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि शरीराला काय होते हे त्या थोड्या, विरघळणाऱ्या भागावरही अवलंबून असू शकते. त्यासाठी विद्राव्यतेच्या चाचण्या आणि विषशास्त्राचा अभ्यास वेगळा करावा लागतो. 'सिंक्रोट्रॉन-प्रमाणित' असे लेबल कुठे दिसले तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : सातवाहनकालीन नाण्यांची धातुमिश्रणे नाण्याला धक्का न लावता कळतील का? (नाणेसंग्राहक, अहिल्यानगर)

उत्तर : पृष्ठभागाची कळतील. तांब्याच्या आतून येणारे तांब्याचे स्वतःचे क्ष-किरण वीसेक मायक्रॉन जाडीतच क्षीण होतात, शिशाच्या नाण्यात तर दहाच्या आसपास. तेवढ्या थरात शतकांचा गंज असतो. गंजात मूळ मिश्रणाचे प्रमाण टिकलेले नसते. कडेचा एक बारीक भाग स्वच्छ करायची परवानगी असेल तर उपयोग होईल. नाण्याची नोंद आणि मालकीची कागदपत्रे मात्र आधी तयार ठेवा.

प्रश्न : मुलगी पीएच.डी.च्या कामासाठी इंदूरला रात्रपाळीला जाणार आहे. किरणोत्साराचा धोका किती? नमुने ती घरी आणते, ते चालेल का? (पालक, सोलापूर)

उत्तर : नमुने किरणोत्सारी होत नाहीत. त्यासाठी अणुकेंद्र हलवावे लागते आणि त्याला लाखो इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा लागते, इथे पाच ते पंचवीस हजार असते. किरण बंद झाले की काही शिल्लक राहत नाही. घरी आणायला हरकत आहे ती पारा, शिसे, आर्सेनिक अशा रासायनिक विषांच्या नमुन्यांची.

नमुना शिशाचे अस्तर असलेल्या खोलीत असतो, तिला हच म्हणतात. आत कुणी नाही हे फिरून पाहायचे, आतली बटणे ठरल्या क्रमाने दाबायची, मग दार बंद होते. तेव्हाच किरणांचा मार्ग उघडतो. दार उघडायचा प्रयत्न झाला तर तो आपोआप मिटतो. प्रत्येकाला छातीवर मात्रामापक बिल्ला लावावा लागतो. भारतात किरणोत्साराशी काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे आणि सामान्य माणसाची 1. मुलीला खरे जपायचे आहे ते द्रव नायट्रोजनपासून (हातमोजे आणि चष्मा, बंद खोलीत सांडू न देणे) आणि पहाटे चारच्या झोपेपासून. नमुन्यांची अदलाबदल त्याच वेळी होते. दोघांनी मिळून जावे, एकाने वही सांभाळावी.

प्रश्न : मापन होऊन वर्ष झाले. शोषण-वर्णपटाच्या विश्लेषणाच्या 'आर्टेमिस' या संगणक-प्रणालीत फिट उत्तम बसतो, पण परीक्षकाने 'अर्थहीन' म्हटले आहे. (संशोधक, छत्रपती संभाजीनगर विभागातून)

उत्तर : पत्राबरोबरच्या तक्त्यात तुम्ही 16 चले मोकळी सोडली आहेत. तुमच्या आलेखात के (इलेक्ट्रॉनाचा तरंगांक) 3 ते 12 आणि अंतर 1 ते 3 अँगस्ट्रॉम घेतले आहे. या विदेत स्वतंत्र बिंदू किती? 2 गुणिले 9 गुणिले 2 भागिले पाय, म्हणजे 11. अकरा बिंदूंवर सोळा चले बसवली तर फिट उत्तमच बसणार. परीक्षकाचे बरोबर आहे. आयाम-गुणक (लहरींच्या उंचीचा गुणक) लोखंडाच्या पत्रीवरून ठरवून बांधून टाका, ऊर्जेची सरक सर्व कवचांना (शेजारी अणूंच्या थरांना) एकच ठेवा, शेजाऱ्यांची संख्या स्फटिकरचनेतून घ्या. चले सहा-सातवर आणा. मग फिट थोडा वाईट दिसेल आणि छापता येईल. त्रुटीची मर्यादा न लिहिता 'शेजारी 5.83' असे लिहू नका. या पद्धतीत शेजाऱ्यांच्या संख्येत दहा-वीस टक्के अनिश्चितता सहज असते.

प्रश्न : इंदूर असताना भारतीय शास्त्रज्ञ परदेशी सिंक्रोट्रॉनवर का जातात? (विज्ञानशिक्षिका, बेळगाव)

उत्तर : काही कामांना प्रकाश पुरेसा असून चालत नाही, तो बारीक ठिपक्यात एकवटलेला लागतो. बीमचा आकार आणि फाकणे यांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जिता. इंडस-2 च्या आराखड्यात ती 58 नॅनोमीटर-रेडियन आहे. ईएसआरएफची आधी 4 होती, 2020 मध्ये नवे कडे सुरू झाल्यावर 0.13 च्या घरात आली. हिऱ्यांच्या दोन टोकांत दाबलेल्या केसाएवढ्या नमुन्याला हा फरक फार जाणवतो. म्हणून भारताने जपानच्या त्सुकुबातील फोटॉन फॅक्टरी, जर्मनीच्या हाम्बुर्गमधील पेट्रा-3 आणि इटलीच्या त्रिएस्तेतील एलेट्रा इथे वाटा घेऊन ठेवला. एलेट्राची 'एक्स्प्रेस' ही बीमलाइन उच्च दाबाच्या विवर्तनासाठीच आहे. भुकटीचा साधा शोषण-वर्णपट घ्यायला मात्र तिकडे जाण्यात अर्थ नाही. नवख्या विद्यार्थ्याने पहिली शिफ्ट इंदूरलाच करावी. गोळी फुटली तर दुसऱ्यांदा जाणे परवडते.

प्रश्न : जाड पोलादी भागांत वेल्डिंगनंतर उरणारा ताण आतपर्यंत मोजायचा आहे. सिंक्रोट्रॉन उपयोगी पडेल का? (लघुउद्योजक, भोसरी)

उत्तर : किती आत, यावर आहे. 20 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण पोलादात 50 मायक्रॉनमध्येच बरेचसे शोषले जातात. शॉट-पीनिंगचा (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करण्याचा) परिणाम किंवा पृष्ठभागालगतचा ताण पाहायला ते ठीक. 80 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला हीच खोली दोन मिलिमीटरच्या आसपास जाते. पण तेवढी ऊर्जा 6 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कड्यांवर भरपूर मिळते, इंडस-2 वर नाही. सेंटिमीटरभर जाडीच्या पोलादासाठी न्यूट्रॉन-विवर्तन जास्त सोयीचे आणि ते तुमच्या जवळ आहे : मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ध्रुव अणुभट्टीवर. तिथेही प्रस्ताव द्यावा लागतो. ताण नसलेला त्याच पोलादाचा एक छोटा तुकडा, त्याच वितळणीचा, आधीच बाजूला काढून ठेवा. तो नसेल तर अणूंच्या थरांमधले मूळ अंतर कळत नाही आणि ताणाचा आकडा काढताच येत नाही. वेल्डच्या मधोमध रासायनिक घटक बदललेले असतात, म्हणून तिथला तुकडा वेगळा हवा.